हरणाच्या हंगामाची तयारी ऑगस्टपासूनच

वाचकाचे पत्र : मी मूळचा सातारा जिल्ह्यातला असून गेली नऊ वर्षे अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन शहराजवळ राहतो. वय ४१, ग्रीन कार्ड आहे. कंपनीतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने या नोव्हेंबरमध्ये त्यांच्या घरच्या शेतावर हरणाच्या शिकारीला बोलावले आहे. शेत पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात आहे. मी आयुष्यात कधी बंदूक हातात धरलेली नाही, पण जायची मनापासून इच्छा आहे. पत्नीला दोन शंका आहेत. भारतात हरीण मारले तर तुरुंगवास होतो, मग इथे ते योग्य कसे, ही पहिली आणि ११ वर्षांचा मुलगा असलेल्या घरात बंदूक आणायची का, ही दुसरी. मी तयारी कुठून आणि केव्हा सुरू करू?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

पत्र ऑगस्टमध्येच लिहिलेत, हे फार बरे झाले. दरवर्षी मला अशी चार-दोन पत्रे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतात आणि तेव्हा 'या वर्षी नुसते सोबत जा, बंदूक पुढच्या वर्षी' याखेरीज प्रामाणिक सल्ला देता येत नाही. विस्कॉन्सिनमधला बंदुकीचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या) आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नंतरच्या रविवारी संपतो. हे दिवस नऊच असले, तरी शिकाऱ्याची जबाबदारी त्याच्या कितीतरी आधी सुरू होते आणि मांसाचे शेवटचे पाकीट फ्रीझरमध्ये जाईपर्यंत संपत नाही. नवखा माणूस बहुधा फक्त चाप ओढण्याच्या त्या एका क्षणाची तयारी करतो. माझे सारे सांगणे त्या क्षणाच्या अलीकडे आणि पलीकडे काय करायचे, याविषयी आहे.

आधी कायदा. तुमच्याकडे ग्रीन कार्ड असल्यामुळे बंदूक हाताळण्यास केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही. मात्र हे सदर एच-१बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावरचे अनेक जण वाचतात, त्यांच्यासाठी स्पष्ट सांगतो : अशा व्हिसावर बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे आणि राज्याने रीतसर दिलेला शिकारीचा परवाना जवळ असणे हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. त्यामुळे परवाना हाती येण्यापूर्वी सरावासाठीसुद्धा मित्राची रायफल उचलू नये आणि शंका असल्यास स्थलांतर कायद्याच्या वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तुमच्यापुढची पहिली पायरी म्हणजे शिकारी सुरक्षा प्रशिक्षण. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला या राज्यात शिकारीचा परवाना घेण्यासाठी त्याचे प्रमाणपत्र लागते. प्रमाणपत्राविना अनुभवी माणसाच्या हाताशी राहून शिकार करण्याची सोयही कायद्यात आहे, आणि तुमचे सहकारी कदाचित तीच सुचवतील, परंतु ४१ व्या वर्षी प्रथमच बंदूक हाती घेणाऱ्याने ही पळवाट घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. प्रौढांना हा अभ्यास ऑनलाइन करता येतो, तरीही तुम्ही प्रत्यक्ष भरणारा वर्गच निवडा. रायफल रिकामी आहे की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी आणि बोटाने तपासणे, कुंपण ओलांडण्याआधी ती खाली ठेवणे, दुसऱ्याच्या हाती देताना नळी कुठे वळते याचे भान ठेवणे, या गोष्टी पडद्यावर पाहून अंगवळणी पडत नाहीत. तिथे चार नियम शिकवतील : प्रत्येक बंदूक भरलेली आहे असे समजून वागावे, नळी कायम सुरक्षित दिशेला असावी, नेम कशावर आहे आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री असावी, आणि गोळी झाडण्याचा निश्चय होईपर्यंत बोट चापाजवळ नेऊ नये. हे नियम घरी भाजी ढवळायच्या उलथन्यावर किंवा केरसुणीच्या दांड्यावरही घोटता येतात. बोट आपोआप सरळ राहू लागेपर्यंत घोटावेत.

आता रायफल. या वर्षी विकत घेऊ नका. सहकाऱ्याकडे एकापेक्षा अधिक रायफली असणारच. त्यांपैकी कमी धक्का देणारी, म्हणजे .२४३ विंचेस्टर किंवा ७ मिलिमीटर-०८ यांसारख्या काडतुसाची, उसनी मागा. मोठ्या काडतुसाच्या धक्क्याची एकदा धास्ती बसली की माणूस चाप ओढण्याच्या आधीच अंग चोरतो आणि ती सवय मोडायला वर्ष जाते. सप्टेंबरपासून दर पंधरा दिवसांनी सहकाऱ्यांसोबत गोळीबाराच्या मैदानावर जा. कानांवर संरक्षण आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. प्रथम टेबलावर टेकवून १०० यार्डांवरच्या कागदावर तीन-तीन गोळ्यांचे गट पाडा आणि ज्या कंपनीची, ज्या वजनाची गोळी हंगामात वापरणार तीच सरावातही वापरा, कारण गोळी बदलली की नेम बदलतो. त्यानंतर मात्र टेबल सोडून द्या. रानात टेबल नसते. जमिनीवर बसून गुडघ्यावर कोपर टेकवून, झाडाच्या बुंध्याला हात लावून, जाड कोट आणि हातमोजे घालून सराव करा. कागदी ताटलीएवढ्या, म्हणजे सुमारे आठ इंच व्यासाच्या वर्तुळात ज्या अंतरावरून तुमच्या सगळ्या गोळ्या बसतात, तेवढेच तुमचे अंतर. सगळ्या म्हणजे सगळ्याच, दहातल्या आठ नव्हेत. ते ६० यार्ड निघाले तर हंगामात ६१ यार्डांवरचे हरीण तुमचे नाही.

या बाबतीत मी एवढा आग्रही का आहे, ते सांगतो. माझ्या दुसऱ्या हंगामात मी पहाटे अंधारात मचाणाच्या शिडीवर रायफल आपटली. स्कोपला, म्हणजे रायफलीवरच्या नेम धरायच्या दुर्बिणीला, काही झाले नसेल, असे स्वतःला समजावले. साडेसातच्या सुमारास ओकच्या झाडांखालून एक मादी आली, साठेक पावलांवर थांबली, आणि मी गोळी झाडली. ती पाठ वाकवून, शेपटी खाली घेऊन निघून गेली. खाली उतरून पाहिले तेव्हा ओकच्या एका तपकिरी पानावर काळपट रक्ताचा रुपयाएवढा डाग होता, त्यात हिरवट कण होते आणि त्याला पोटातल्या घाणीचा वास येत होता. गोळी फुप्फुसात न लागता मागे, पोटात लागली होती. शेजारच्या वृद्ध शेतकऱ्याने माझा दंड धरून मला तिथेच बसवले आणि दुपारपर्यंत उठू दिले नाही, कारण पोटात जखमी झालेले हरीण लगेच पाठलाग केल्यास मैलोन्‌मैल पळते. सोडून दिले तर जवळच कुठेतरी आडवे होते. तीनच्या सुमारास ती ओढ्याकाठी सापडली. त्या मधल्या तासांत ती काय भोगत असेल, याचा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही. रायफल आपटली, पडली किंवा मोटारीत नीट न बांधता आणली, तर पुन्हा कागदावर तपासल्याशिवाय ती हरणावर रोखू नये. त्यासाठी अख्खी सकाळ गेली तरी चालेल.

ऑक्टोबरमध्ये एकदा तरी ते शेत पायी फिरून या. पश्चिम विस्कॉन्सिनमध्ये हिमनदीने सपाट न केलेले कडे, घळी आणि दऱ्या आहेत. तिथली हरणे दिवसा बहुधा डोंगराच्या सोंडेवर, वारा पाठीशी आणि दरी नजरेसमोर ठेवून बसतात. त्यांच्या मळलेल्या वाटा, ओकची फळे पडलेल्या जागा, नरांनी शिंगे घासून सोललेली कोवळी झाडे पाहून ठेवा. सहकाऱ्यांकडून शेताच्या सीमा प्रत्यक्ष चालून समजून घ्या, कारण जखमी हरीण शेजाऱ्याच्या जमिनीत गेले तर मालकाच्या परवानगीशिवाय तुम्हाला त्याच्या मागे जाता येत नाही. ती परवानगी हंगामापूर्वीच मागून ठेवणे शहाणपणाचे. शेजारची घरे, गोठे, रस्ते कोणत्या दिशेला आहेत हेही मनात पक्के करा. इथल्या व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीच्या) हरणाचे नाक त्याच्या डोळ्यांहून तल्लख असते, म्हणून एक जागा पश्चिमेच्या वाऱ्यासाठी आणि दुसरी पूर्वेच्या वाऱ्यासाठी, अशा दोन जागा ठरवून ठेवा.

मचाणाविषयी माझे मत जरा कडक आहे : पहिल्या वर्षी मचाणावर चढूच नका. झाडावरून पडून होणारे अपघात ही शिकाऱ्यांच्या गंभीर इजांमागची मोठी बाब आहे आणि बोथट झालेल्या थंड बोटांनी अंधारात शिडी चढणे हे नवख्याचे काम नव्हे. जमिनीवर, रुंद बुंध्याला पाठ टेकवून किंवा कापडी आडोशात बसा. पुढे कधी चढलातच, तर जमीन सोडल्यापासून परत पाय टेकेपर्यंत अंगावर सुरक्षा पट्टा बांधलेला असावा, आणि रायफल रिकामी करून दोरीने नंतर वर ओढावी.

कपड्यांबाबत कायदा सांगतो की कंबरेवरच्या बाह्य कपड्यांचा किमान निम्मा भाग भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी असावा, आणि टोपी घातली तर तिलाही तोच नियम. झेंडूच्या फुलापेक्षाही भडक असा हा रंग माणसाला दुरून दिसतो, पण हरणाला लाल-नारिंगी छटा ओळखता येत नाहीत, त्यामुळे तो आपल्याला उघडे पाडतो ही भीती निराधार आहे. निम्म्यावर न थांबता टोपी, जाकीट, हातमोजे सगळेच नारिंगी घ्या. आतले कपडे लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे असावेत, सुती मुळीच नकोत. सुती बनियन चालताना घामाने भिजते आणि बसल्यावर अंगाचा बर्फ करते. त्याच कारणाने जाड कोट अंगात न घालता पाठीवर बांधून चालावे आणि जागेवर पोहोचल्यावर चढवावा. बूट एक माप मोठे असावेत. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले की रक्त खेळत नाही आणि पाय आधी गारठतात. बसायला जाड गादी, थर्मासमध्ये चहा, कपाळावरची बॅटरी, शिटी, आणि फोन छातीजवळच्या खिशात, कारण थंडीत त्याची बॅटरी पाहता पाहता उतरते. कुठे बसणार आणि किती वाजता परतणार, हे कागदावर लिहून पत्नीकडे आणि सहकाऱ्यांच्या घरी ठेवा.

नोव्हेंबरच्या अखेरीस तिकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी शिकारीची वेळ सुरू होते. त्या दिवसाची नेमकी सुरुवात आणि अखेर नियमपुस्तिकेतल्या तक्त्यावरून लिहून खिशात ठेवा. पावणेसहापर्यंत जागेवर बसलेले असावे. बरीच हरणे नऊनंतर, बाकीचे शिकारी गारठून नाश्त्याला उठले की त्यांच्या हालचालीने बिथरून फिरू लागतात. म्हणून दुपारपर्यंत बसून राहण्याची तयारी ठेवा.

हरीण येते तेव्हा आधी कानांना कळते. खारीची खसफस अखंड चालते, हरणाची पावले मात्र पाचोळ्यात दोन-तीन वाजतात आणि थांबतात. तुमचे हृदय इतक्या जोराने धडधडेल की हात थरथरतील. ते सगळ्यांचेच होते. त्या वेळी स्वतःला तीन प्रश्न विचारा. ते कडेने उभे आहे का? त्याच्यामागे मातीचा चढ आहे का, की आकाश, रस्ता किंवा दाट झाडी? आणि नेम खांद्याच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागावर स्थिर आहे का? तिन्हींचे उत्तर होकारार्थी नसेल तर बोट सरळ ठेवा आणि त्याला जाऊ द्या. समोरून पाहणारे, पळणारे, झुडपांतून अर्धेच दिसणारे हरीण नवख्याने सोडावे. स्कोपचा उपयोग झाडीत काय हलते आहे ते पाहण्यासाठी कधीही करू नये, कारण तिथे माणूस असला तर तुम्ही त्याच्यावर बंदूक रोखलेली असते. त्यासाठी गळ्यात साधी दुर्बीण असावी.

गोळी झाडल्यावर हरीण जिथे उभे होते आणि शेवटचे जिथे दिसले, त्या दोन्ही खुणा डोळ्यांत साठवा आणि घड्याळ लावून किमान अर्धा तास बसा. फेसाळ, गुलाबी रक्त दिसले तर फुप्फुस, आणि हरीण जवळच मिळेल. गडद लाल म्हणजे यकृत. आणखी काही तास थांबा. हिरवट, वास येणारे असेल तर मी वर सांगितलेली वाट, आणि ती एकट्याने चालू नका. हरीण मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत त्याची नोंद ऑनलाइन किंवा फोनवर करणे बंधनकारक आहे.

आता मांसाविषयी, आणि हा भाग मराठी घरासाठी फार महत्त्वाचा आहे. विस्कॉन्सिनमधल्या हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, थोडक्यात सीडब्ल्यूडी, हा मेंदूचा जीवघेणा रोग २००२ साली प्रथम आढळला, तोही तुमच्याच भागात, मॅडिसनच्या पश्चिमेला. तुम्ही जिथे जाणार, तो डोंगराळ भाग आज या रोगाने सर्वाधिक ग्रासलेल्या भागांपैकी आहे. तो माणसाला झाल्याचे सिद्ध झालेले नाही, पण बाधित जनावराचे मांस खाऊ नये, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे सांगणे आहे, आणि बाधित हरीण पुष्कळदा वरून धष्टपुष्ट दिसते. त्याचे कारण असणारी विकृत प्रथिने शिजवून, उकळून, कुकरच्या कितीही शिट्ट्या करून नष्ट होत नाहीत. त्यामुळे दोन गोष्टी. पहिली, राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाने ठेवलेल्या पेट्यांपैकी जवळच्या पेटीत हरणाचे डोके, मानेच्या चार-पाच इंच भागासह, चाचणीसाठी ठेवा. चाचणी विनामूल्य असते. निकाल येईपर्यंत मांस तारीख घालून फ्रीझरमध्ये वेगळे ठेवावे आणि एक घासही शिजवू नये. दुसरी, आपल्याकडे बकऱ्याचा भेजा, नळी, पाया आणि हाडांचे आळणी पाणी आवडीने खातात. हरणाच्या बाबतीत हे सगळे पूर्णपणे वर्ज्य. मेंदू, पाठीचा कणा, डोळे, प्लीहा आणि लसिकाग्रंथी यांना सुरी लावू नका. कणा करवतीने न कापता मांस हाडांवरून सोडवून घ्या. खाटकाकडे देणार असाल तर तुमचे हरीण वेगळे कापले जाईल, इतरांच्या मांसात मिसळणार नाही, हे आधी विचारून घ्या. नोव्हेंबरमध्ये त्यांच्याकडे रांग असते, म्हणून ही चौकशी ऑक्टोबरमध्येच करा. तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही.

साफसफाईसाठी तीन-चार इंची पात्याची धारदार सुरी, रबरी मोजे आणि दोर पुरेसे. पोट उघडताना पाते वर, तुमच्या बोटांमध्ये धरून चालवा म्हणजे आतडी फुटत नाहीत. आतले अवयव काढून मांस लवकरात लवकर चार अंश सेल्सियसच्या खाली आणायचे असते. हे सगळे पहिल्यांदा सहकाऱ्यांना करू द्या आणि तुम्ही बॅटरी धरून जवळून पाहा.

शक्य असल्यास शिशाऐवजी तांब्याच्या गोळ्या वापरा. शिशाची गोळी आत फुटते आणि तिचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून दूरपर्यंत मांसात पसरतात. ज्या घरात मूल जेवते, त्या घरात हा धोका पत्करण्याचे कारण नाही. शिशाचीच वापरलीत, तर जखमेभोवतीचे मांस सढळ हाताने कापून टाकावे. मध्यम आकाराच्या मादीपासून साधारण १८ ते २० किलो हाडविरहित मांस मिळते. ते बकऱ्याच्या मटणापेक्षा फार कोरडे असते आणि त्याची चरबी मेणासारखी टाळूला चिकटते, म्हणून पांढरी चरबी आणि चंदेरी पडदा नीट सोलून काढा; दह्यात आणि कच्च्या पपईत मुरवून सुके करा, किंवा खिमा करा, पण खिमा आतपर्यंत पूर्ण शिजलेला असावा. घरात कोणी खाणार नसेल तर राज्याच्या हरीणदान योजनेतून ते मांस गरजूंच्या अन्नपेढीला देता येते.

वहिनींच्या पहिल्या शंकेचे उत्तर जागेवर अवलंबून आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ-सांबरांना संरक्षण दिले, ते त्यांची जंगले आणि संख्या घटल्यामुळे, आणि ते योग्यच झाले. विस्कॉन्सिनच्या दक्षिण भागातही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हरणे जवळपास संपली होती. नियंत्रित परवान्यांमुळे ती परत आली आणि आज तिथे लांडग्यांसारखा त्यांना आवरणारा शिकारी प्राणी जवळजवळ नसल्यामुळे पिके, कोवळी जंगले आणि रस्त्यावरची वाहने यांना त्यांचा त्रास होतो. किती माद्या मारायच्या, हे प्रत्येक काउंटीसाठी (म्हणजे तिथल्या जिल्ह्यासाठी) दरवर्षी ठरते. शिवाय १९३७ च्या केंद्रीय कायद्यानुसार रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर असतो आणि तो पैसा राज्यांना प्रामुख्याने वन्यजीव संवर्धनासाठी मिळतो. तरीही त्यांच्या मनाला पटले नाही, तर त्यांना पटवण्याचा हट्ट धरू नका. जीव घेणे ही गंभीर गोष्ट आहे आणि घरात ती गंभीरपणे मानणारे माणूस असणे चांगलेच.

दुसऱ्या शंकेबाबत मी पूर्णपणे त्यांच्या बाजूचा आहे. या वर्षी रायफल सहकाऱ्यांच्याच कुलूपबंद कपाटात राहू द्या. तुमच्या घरी ती एक रात्रही यायची गरज नाही. पुढे स्वतःची घेतलीत तर लोखंडी तिजोरी आधी आणि रायफल नंतर, काडतुसे वेगळ्या कुलपात, आणि किल्ली मुलाला ठाऊक नसलेल्या जागी. मुलाला या हंगामात शिकारीला नेऊ नका, परंतु ऑक्टोबरमध्ये शेत पाहायला जाल तेव्हा अवश्य न्या. पाचोळ्यातला हरणाचा माग तुमच्याआधी त्याच्याच नजरेला पडण्याची शक्यता जास्त आहे.

प्रशिक्षण वर्गाची नोंदणी मात्र याच आठवड्यात करा. सप्टेंबरपासून जागा झपाट्याने भरतात.